मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती, आणि हे सगळं स्वतः कसं मोजायचं

"मुंबई ते न्यूयॉर्क किती तास लागतात?" असं सर्च केलं की एक आकडा येतो, कुठे १५ तास, कुठे १९, कुठे २४. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात पण तिन्ही वेगवेगळी गोष्ट सांगत असतात, आणि आपण त्यातला एक धरून आईबाबांचं तिकीट काढतो, औषधांचं बघतो, गाडी बुक करतो, आणि मग कुठेतरी गणित फिसकटतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचं घेतलंय कारण हा रूट मराठी घरांत खूप लागतो, मुलं न्यूजर्सीत आणि आईवडील पुण्यात नाहीतर ठाण्यात, पण पद्धत कुठल्याही दोन लांबच्या शहरांना लागू पडते. माझं एकच सांगणं आहे, किलोमीटर फक्त एकदा बघा, बाकी सगळं प्लॅनिंग तासांत करा आणि ते तास एकाच घड्याळावर मोजा. ते कसं करायचं ते बघू.

पहिलं काम : कुठल्या एअरपोर्टवरून कुठल्या एअरपोर्टला

शहर ते शहर असं अंतर नसतंच, एअरपोर्ट ते एअरपोर्ट असतं. मुंबईत आता दोन एअरपोर्ट आहेत. जुना छत्रपती शिवाजी महाराज एअरपोर्ट, कोड बीओएम, आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून. आणि नवी मुंबईचा नवा, कोड एनएमआय, जो डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. तिकिटावर कोड नीट बघा. विशेषतः एक फ्लाइट एका एअरपोर्टवर उतरून दुसरी दुसऱ्या एअरपोर्टवरून पकडायची असेल तर मध्ये टॅक्सी आणि ट्रॅफिक आलं, ते गणितात धरावंच लागतं.

पलीकडे न्यूयॉर्कला तीन आहेत. जेएफके, नेवार्क म्हणजे ईडब्ल्यूआर, आणि लागार्डिया. लागार्डियावर लांबच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइट उतरत नाहीत, त्यामुळे तो सोडून द्या. राहिले जेएफके आणि नेवार्क. नेवार्क न्यूजर्सी राज्यातच आहे. मुलगी तिथल्याच एडिसन गावात राहत असेल तर नेवार्कवरून अर्ध्या-पाऊण तासात घरी, आणि जेएफकेवरून यायचं म्हणजे न्यूयॉर्क शहर मध्ये ओलांडायचं, संध्याकाळच्या गर्दीत दोन तास सहज जातात. तिकीट पाच हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून जेएफके घेतलं आणि तेवढेच पैसे टॅक्सीत गेले असं होऊ शकतं, म्हणून आधी घराचा पत्ता नकाशावर टाका मग एअरपोर्ट ठरवा.

दुसरं : अंतर मोजा, पण सपाट नकाशावर नको

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यासमोर आणला तर वाटतं मुंबईहून अरबी समुद्र, मग आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक आणि न्यूयॉर्क, पश्चिमेला सरळ. विमान असं जात नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता उत्तरेकडून वळसा घेतल्यासारखा दिसतो, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून धरा. दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया असा वर चढतो, सेंट पीटर्सबर्गच्या आसपासून स्वीडन-नॉर्वेवर जातो, आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ येतो आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्कला उतरतो. सगळ्यात वरचा बिंदू जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशावर येतो. मुंबई १९ वर आणि न्यूयॉर्क ४१ च्या जरा खाली, तरी रस्ता ६५ पर्यंत वर जातो, हे मुलांना पृथ्वीगोलावर जरूर दाखवा, त्यांना फार आवडतं.

नकाशावर पट्टी ठेवून जी सरळ रेघ दिसते, तिच्यावरून खरंच गेलं तर साधारण १४,२०० किलोमीटर पडतात. ग्रेट सर्कलने १२,५५० च्या आसपास. म्हणजे सोळाशे किलोमीटरहून जास्त फरक, जवळपास दोन तासांचं उडणं वाचतं.

मोजायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडा, मुंबई एअरपोर्टवर राइट क्लिक करा, अंतर मोजायचा ऑप्शन निवडा आणि जेएफकेवर क्लिक करा. ग्लोब व्ह्यू चालू असेल तर रेघ कशी जाते तेही कळतं. गुगल अर्थमध्येही पट्टीचं टूल आहे. आणि ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे तिथे दोन एअरपोर्टचे कोड टाकले की नकाशासकट अंतर मिळतं, मध्ये स्टॉप असेल तर तिसरा कोडही टाकता येतो.

पण ज्यांना हाताने करून बघायचंय (शिक्षक आणि दहावी-अकरावीची मुलं वाचत असतील तर नक्की करा) त्यांच्यासाठी, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई एअरपोर्ट १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची, ७२.८७ अधिक ७३.७८ म्हणजे १४६.६५ अंश. बेरीज १८० च्या वर गेली असती तर ३६० मधून वजा केली असती, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळी हे लागतं. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, ०.३२७० गुणिले ०.६५१३ बरोबर ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार आणि त्याला रेखांशांच्या त्या १४६.६५ अंशांच्या कोसाइनने गुणा, ०.९४५० गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८३५३, येतात उणे ०.५९९०. दोन्हींची बेरीज उणे ०.३८६०. याचा उलटा कोसाइन काढा, ११२.७ अंश. आता एक अंश म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर साधारण १११.२ किलोमीटर, तर ११२.७ गुणिले १११.२ बरोबर सुमारे १२,५३०. साइटवर १५-२० किलोमीटर जास्त दिसतात कारण पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांवर जरा चपटी आहे. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना ते आधी बघा, रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येईल.

मैलांत हवं असेल तर १.६०९ ने भागा, ७,८०० मैल. पायलट आणि एअरलाइनवाले नॉटिकल मैल वापरतात, त्यासाठी १.८५२ ने भागा, ६,७७५ च्या आसपास. विमानातल्या सीटच्या स्क्रीनवर कधी मैल असतात कधी किलोमीटर, त्यामुळे आकडा कमी दिसला तर गोंधळू नका.

तिसरं : अंतरावरून उडण्याचे तास

बोइंग ७७७ किंवा एअरबस ए३५० सारखं मोठं विमान वर गेल्यावर, वारा नाही असं धरलं तर, तासाला साधारण ९०० किलोमीटर जातं. १२,५५० भागिले ९०० म्हणजे जवळपास १४ तास. त्यात चढणं, उतरणं आणि जमिनीवर रांगेत सरकणं याचे ३०-४० मिनिटं धरा. झाले साडेचौदा. मग एअरलाइन जाताना सोळा तास का सांगते आणि येताना चौदा-पंधराच का?

कारण वारा. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. कधी १५० तर कधी २०० किलोमीटरच्या वर वेग जातो आणि हिवाळ्यात जास्त असतो. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परत येताना मागून ढकलतो. अख्ख्या प्रवासात सरासरी ६०-७० चा वारा समोरून धरला तर जमिनीवरचा वेग ८३०-८४० वर येतो, म्हणजे हवेत १५ तास, वरची मिनिटं धरून पावणेसोळा. येताना सरासरी ५० चा वारा पाठीशी धरला तर वेग ९५०, हवेत सव्वातेरा आणि एकूण चौदाच्या आत-बाहेर. अंतर तेच, विमान तेच, फरक पावणेदोन-दोन तासांचा. पृथ्वी फिरते म्हणून वेळ कमी-जास्त लागतो असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही, हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते, फरक पडतो तो या वाऱ्याने.

आणि म्हणूनच विमान रोज त्याच रेघेवरून जात नाही. अटलांटिक ओलांडायचे मार्ग तर त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे रोज नव्याने आखले जातात. जाताना वारा टाळायचा, येताना त्याच्यावर स्वार व्हायचं, त्यामुळे परतीच्या वेळी विमान पुष्कळदा बरंच दक्षिणेकडून येतं. ग्रेट सर्कलपेक्षा दोन-तीनशे किलोमीटर जास्त उडूनही कमी वेळात पोचतं.

तिकिटावर जी वेळ असते ती उडण्याची नसते हेही लक्षात ठेवा. दार बंद होऊन विमान गेटवरून निघाल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते, आणि एअरलाइन त्यात थोडा वेळ वाढवून धरते. म्हणून अर्धा तास उशिरा निघालेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोचतं.

चौथं : आकाश उघडं आहे का

हा भाग लोक विसरतात आणि सध्याच्या काळात हाच सगळ्यात महत्त्वाचा झालाय. वर दोरा कुठून गेला ते परत बघा, पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. यातला प्रत्येक देश ठरवतो की आपल्या आकाशातून कोणाला जाऊ द्यायचं. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केलं आणि मग ती मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या फ्लाइट अरबी समुद्रावरून वळसा घेऊन जाऊ लागल्या, वेळ वाढला, इंधन जास्त लागू लागलं, आणि उत्तर अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना मध्ये व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधन भरायला उतरावं लागलं. दिल्लीवाल्यांना याचा फटका जास्त कारण ते पाकिस्तानच्या अगदी जवळ, मुंबईवाल्यांना तुलनेने कमी कारण आपल्याला समुद्र बाजूलाच आहे.

रशियाचं उलट आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हापासून युरोप आणि अमेरिकेच्या कंपन्या रशियावरून जात नाहीत, भारतीय कंपन्या जाऊ शकतात. म्हणजे एकाच रूटवर दोन कंपन्यांना दोन वेगळे रस्ते, आणि म्हणून तासही वेगळे. आखातही कायम शांत असतं असं नाही, २३ जून २०२५ ला कतारने काही तास आकाश बंद ठेवलं तेव्हा दोहाकडे निघालेली विमानं वाटेतून दुसरीकडे वळवावी लागली होती.

तर करायचं काय? तुमच्या फ्लाइटचा नंबर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या साइटवर टाका. मागच्या काही दिवसांत ती फ्लाइट किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, कुठून गेली, सगळं दिसतं. चार-पाच दिवसांच्या वेळा बघितल्या की खरा अंदाज येतो, आणि मी तर म्हणेन एअरलाइनच्या जाहिरातीपेक्षा याच आकड्यावर विश्वास ठेवा. थेट फ्लाइट हल्ली कधी चालू असते कधी बंद होते, म्हणून ती आहे असं गृहीत न धरता तुमची तारीख टाकूनच बघा.

पाचवं : थेट की स्टॉप घेऊन

इथे एक गंमत आहे जी आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. लोकांना वाटतं दुबईवरून जायचं म्हणजे लांबचा फेरा. बघा, मुंबई-दुबई साधारण १,९३० किलोमीटर, दुबई-जेएफके ११,०००. एकूण १२,९३०, म्हणजे थेटपेक्षा जेमतेम ३८० जास्त. इस्तंबूलवरून ४,८३० आणि ८,०३०, बेरीज १२,८६०. लंडनवरून तर ७,२१० आणि ५,५४०, बेरीज १२,७५०, फक्त २०० किलोमीटर जास्त! २०० किलोमीटर म्हणजे विमानाला पंधरा मिनिटं सुद्धा नाहीत.

मग वेळ पाच-सहा तासांनी का वाढतो? तो सगळा जमिनीवर जातो. उतरा, सिक्युरिटी, दुसरं गेट, वाट बघा, परत चढा. म्हणून स्टॉप निवडताना अंतर बघूच नका, थांबा किती तासांचा आणि कसा आहे ते बघा. माझ्या मते दोन ते साडेतीन तासांचा थांबा सगळ्यात बरा. दीड तासाच्या खाली असेल तर पहिली फ्लाइट जरा लेट झाली की धावाधाव, आणि सहाच्या वर असेल तर वयस्कर माणसांची खुर्चीत बसून कंबर मोडते. व्हीलचेअर मागितली असेल तर अजून वेळ धरा कारण विमानातून त्यांना सगळ्यांच्या शेवटी उतरवतात. (व्हीलचेअर मागायला संकोच करू नका, बुकिंगच्या वेळीच सांगा, लांबच्या एअरपोर्टवर चालणं खरंच खूप असतं.)

दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असायला हव्यात. स्वस्त पडतं म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, नवीन तिकीट स्वतःच्या खिशातून. शिवाय बॅगा मध्ये उतरवून परत चेक-इन कराव्या लागतात आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. युरोपातून जात असाल तर एक गोष्ट पक्की, शेंगेन देशांतली (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांतली) दोन एअरपोर्ट लागोपाठ येतील असं तिकीट घेऊ नका, उदाहरणार्थ मुंबई-म्युनिक-फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क, कारण म्युनिक ते फ्रँकफर्ट हा आतला प्रवास झाला आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. एकच स्टॉप असला तरी त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसाचा नियम दूतावासाच्या साइटवर त्याच आठवड्यात बघून घ्या, हे नियम बदलत राहतात.

अबू धाबीचा एक वेगळा फायदा आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन एअरपोर्टवरच होतं. म्हणजे अधिकारी तिथेच कागद बघतात, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर तुम्ही मुंबईहून नागपूरला उतरल्यासारखे थेट बॅगा घेऊन बाहेर. आईबाबा एकटे येत असतील तर हे मोठं सुख आहे. फक्त तिथला थांबा तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका कारण त्यातलाच बराच वेळ त्या रांगेत जातो.

सहावं : एकच घड्याळ धरा

आता खरा गोंधळ. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. रात्री २ ला मुंबईहून निघून सकाळी ८ ला न्यूयॉर्कला, आणि तारीख तीच. बघणाऱ्याला वाटतं सहा तासांत पोचले.

भारताचं घड्याळ वर्षभर एकच. न्यूयॉर्कचं वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. त्यामुळे उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. दिवाळी बहुतेक वेळा ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, बरोबर त्याच सुमाराला हा बदल होतो, म्हणून दिवाळीला जाणाऱ्यांनी तारीख बघूनच फरक धरायचा. लंडन आणि युरोपची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेच्या दिवशी नाही, त्यामुळे मध्ये काही दिवस नेहमीचा हिशोब एका तासाने चुकतो.

पद्धत अशी, प्रत्येक वेळ भारतीय वेळेत लिहून काढा. कागदावर, मनात नको. थेट फ्लाइटचं उदाहरण, जून महिना. निघाली पहाटे २.०० ला, ही भारतीयच. पोचली सकाळी ८.०० ला न्यूयॉर्कच्या वेळेने, त्यात ९.३० मिळवा, भारतात संध्याकाळचे ५.३०. दोन ते साडेपाच म्हणजे साडेपंधरा तास. संपलं.

आता दुबईवरून, वेळा फक्त समजण्यासाठी घेतल्यात. मुंबईहून ४.३० ला निघाली, दुबईला ६.०५ ला पोचली. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि तिथे घड्याळ बदलत नाही. म्हणजे भारतीय ७.३५, प्रवास ३ तास ५ मिनिटं. दुबईहून ८.३० ला निघाली, भारतीय १०.००, म्हणजे थांबा २ तास २५ मिनिटं. न्यूयॉर्कला दुपारी २.२५ ला पोचली, भारतीय रात्रीचे ११.५५, हा प्रवास १३ तास ५५ मिनिटं. पहाटे साडेचार ते रात्री पाच कमी बारा, एकूण १९ तास २५ मिनिटं. तिन्ही तुकड्यांची बेरीज करा, तेवढीच यायला हवी, नाही आली तर कुठेतरी घड्याळ चुकलंय.

तारखेचंही इथेच सांगतो. अमेरिका-युरोपच्या पुष्कळ फ्लाइट मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ १.३० असेल तर तुम्हाला घरून १४ तारखेच्या संध्याकाळी निघायचंय. लोक १५ ला रात्री एअरपोर्टवर येतात आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. कॅलेंडरवर १४ तारखेच्या खाली मोठ्या अक्षरात "आज रात्री" असं लिहून ठेवा.

या भारतीय वेळेच्या कागदाचा सगळ्यात मोठा उपयोग औषधांसाठी होतो. डायबेटिसची, बीपीची, थायरॉइडची गोळी शरीराला तासांनी कळते, स्थानिक घड्याळाने नाही. सकाळी ८ ची गोळी न्यूयॉर्कला उतरल्यावर तिथल्या ८ ला घेतली तर दोन गोळ्यांमध्ये २४ ऐवजी साडेतेहेतीस तासांचं अंतर पडतं. हाच कागद घेऊन निघण्याआधी डॉक्टरांकडे जा, इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जायलाच पाहिजे, आणि विमानात कुठला डोस केव्हा ते त्यावरच लिहून घ्या. औषधं हँडबॅगमध्ये, चिठ्ठीसकट, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको.

सातवं : दारापासून दारापर्यंत

आता खरा आकडा. पुण्याहून, कोथरूडमधून निघालो असं धरू, पहाटे २ ची थेट फ्लाइट, जायचंय एडिसनला. एअरपोर्टवर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री ११. पुणे ते मुंबई एअरपोर्ट १५० किलोमीटरच्या आसपास, रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तास, पण घाटात एक ट्रक बंद पडला किंवा पावसाळ्यात दरड आली तर काही सांगता येत नाही, म्हणून संध्याकाळी ६ लाच निघा. शुक्रवार किंवा लाँग वीकेंड असेल तर ५ ला. झाले आठ तास. विमानात सोळा. उतरून इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स याचे दीड ते दोन, सकाळी चार-पाच मोठी विमानं एकदम उतरली तर अडीच. तिथून जेएफके ते एडिसन गाडीने दीड-दोन. बेरीज करा, सत्तावीस ते साडेअठ्ठावीस तास. सर्चमध्ये "१५ तास" आले होते ना? एक स्टॉप असेल तर हाच आकडा ३१ ते ३४ वर जातो.

न्यूयॉर्कच्या पुढे अजून एक फ्लाइट असेल, समजा डॅलस किंवा डेट्रॉइट, तर अमेरिकेतल्या पहिल्या एअरपोर्टवरच इमिग्रेशन होतं आणि सहसा बॅगा तिथे उचलून पुन्हा द्याव्या लागतात, मुंबईत शेवटपर्यंतचा टॅग लावला असला तरी. तिथे तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. जेएफकेमध्ये टर्मिनल बदलायला एअरट्रेन आहे, टर्मिनल ते टर्मिनल फुकट.

विमानात दर दोनेक तासांनी उठून चालायचं, पाणी प्यायचं, पायाला सूज येत असेल किंवा आधी रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घालायचे. झोपेचं गणित मात्र सुरळीत व्हायला आठवडा जाऊ शकतो, पहिल्या दोन दिवसांत कुठला मोठा कार्यक्रम ठेवू नका, आणि दिवसा उन्हात बाहेर फिरायला नेलंत तर लवकर जमतं.

परतीचं वेगळं करा

जातानाचे आकडे उलटे करून परतीचे मिळत नाहीत. वारा पाठीशी असल्यामुळे तास कमी, पण घड्याळ पुढे पळत असल्यामुळे दिवस जास्त गेल्यासारखा वाटतो. जूनमध्ये न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघाली, म्हणजे भारतीय रात्रीचे ९.३०. मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला पोचली. प्रवास साडेचौदा तास, कॅलेंडरवर मात्र पूर्ण एक दिवस. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात अधिक १ असं असतं, स्टॉप असेल तर कधी कधी अधिक २, ते बघूनच घरच्यांना आणायला येण्याची तारीख कळवा. मुंबईहून पुढे नागपूर, कोल्हापूर किंवा गोव्याची फ्लाइट असेल तर ती कुठल्या एअरपोर्टवरून आणि कुठल्या टर्मिनलवरून आहे ते परत तपासा, मध्ये चार तास तरी ठेवा, आणि ऑफिसची रजा पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तरी टाकून ठेवा.